फोटोच्या लिंकवरून मीडिया लायब्ररीतली नोंद कशी शोधायची

कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरच्या एखाद्या चप्पल दुकानाची वेबसाइट डोळ्यांसमोर आणा. कापशी पायताणाच्या पानावरचा फोटो जुना झाला आहे, तो बदलायचा आहे. मीडिया लायब्ररी उघडावी तर एकाच कोनातून, एकाच पांढऱ्या कापडावर काढलेले साठ-सत्तर फोटो समोर येतात. अंदाजाने एक उचलला की भलताच बदलला जातो, आणि चूक कळते ती गिऱ्हाइकाचा फोन आल्यावर. म्हणून नजरेवर विसंबायचं नाही. पानाच्या कोडमध्ये त्या फोटोची लिंक असते. तिच्यावरून नोंदीचा क्रमांक काढायचा आणि त्या क्रमांकानेच नोंद उघडायची.

पुढची माहिती वर्डप्रेसच्या साइटसाठी आहे. कोडमधली नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहायची, आकडेही इंग्रजी. आडवी रेघ, अंडरस्कोर आणि तिरकी रेघ जिथल्या तिथे ठेवायची.

एक नोंद, आठ फाइली

सगळा गोंधळ इथून सुरू होतो, म्हणून हा भाग नीट समजून घ्या.

रंकाळ्याचा ४०००×३००० पिक्सेलचा फोटो तुम्ही 'रंकाळा.जेपीजी' या नावाने चढवला. लायब्ररीत एकच चौकोन दिसतो, पण सर्व्हरवर फाइली तयार होतात आठ. मूळ फाइल तशीच राहते. तिच्यापासून १५०×१५०, ३००×२२५, ७६८×५७६, १०२४×७६८, १५३६×११५२ आणि २०४८×१५३६ अशा सहा लहान प्रती निघतात. शिवाय 'रंकाळा-स्केल्ड' नावाची २५६०×१९२० ची एक प्रत बनते, कारण वर्डप्रेस ५.३ पासून, म्हणजे २०१९ पासून, २५६० पिक्सेलपेक्षा मोठा फोटो आपोआप लहान करून वापरला जातो. साइटवर वूकॉमर्सचं (विक्रीसाठीच्या प्लगइनचं, म्हणजे वर्डप्रेसला जोडलेल्या भरीचं) दुकान असेल तर त्याच्या मापांच्या प्रती आणखी वेगळ्या, थीमच्या त्याहून वेगळ्या.

नोंद मात्र एकच. ती डेटाबेसच्या डब्ल्यूपी_पोस्ट्स या तक्त्यात, लेख आणि पानं जिथे असतात तिथेच, 'अटॅचमेंट' या प्रकाराने साठवलेली असते. तिचा आयडी म्हणजेच आपल्याला हवा असलेला क्रमांक. फाइलचा पत्ता शेजारच्या डब्ल्यूपी_पोस्टमेटा तक्त्यात '_डब्ल्यूपी_अटॅच्ड_फाइल' या नावाखाली असतो. त्यात अपलोड्स फोल्डरच्या पुढचा भाग तेवढा लिहिलेला असतो: '२०२४/०१/रंकाळा-स्केल्ड.जेपीजी'. लहान प्रतींची यादी आणि मूळ फाइलचं नाव '_डब्ल्यूपी_अटॅचमेंट_मेटाडेटा' मध्ये असतं.

आता पानावर दिसणारी लिंक बहुतेक वेळा एखाद्या लहान प्रतीची असते, उदाहरणार्थ 'रंकाळा-३००×२२५.जेपीजी' (कोडमध्ये गुणाकाराच्या खुणेच्या जागी रोमन एक्स). लायब्ररीला आपली नोंद फक्त 'रंकाळा-स्केल्ड' या नावाने माहीत असते. लिंक आणि नोंद यांची नावं जुळत नाहीत, आणि नवख्या माणसाला वाटतं की फोटो लायब्ररीत नाहीच.

लिंक कुठून घ्यायची

फोटोवर उजवं बटण दाबून 'कॉपी इमेज ॲड्रेस' घेतलं तरी चालतं, पण त्यातून मिळते ती ब्राउझरने त्या क्षणी निवडलेली प्रत. कोडमध्ये 'एसआरसीसेट' (वेगवेगळ्या मापांच्या प्रतींच्या लिंकांची यादी) असेल तर मोबाइलवर एक लिंक मिळते, मोठ्या पडद्यावर दुसरी. दोन्ही एकाच नोंदीच्या असतात, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

त्यापेक्षा फोटोवर उजवं बटण दाबून 'इन्स्पेक्ट' निवडा. 'आयएमजी' टॅग पूर्ण वाचायला मिळतो, आणि कामाची बरीच माहिती लिंकच्या आजूबाजूलाच असते. 'एसआरसी' मध्ये 'डेटा:' ने सुरू होणारी लांबलचक अक्षरं दिसली तर फोटो उशिरा लोड करणारं प्लगइन चालू आहे असं समजा. खरी लिंक 'डेटा-एसआरसी' मध्ये शोधा. टॅगच सापडत नसेल तर फोटो बहुधा पार्श्वभूमीचा आहे. अशा वेळी उजवीकडच्या स्टाइल्सच्या भागात 'बॅकग्राउंड-इमेज' पाहा.

क्रमांक टॅगमध्येच असेल तर

टॅगच्या 'क्लास' मध्ये 'डब्ल्यूपी-इमेज-४८१२' असं काही दिसलं तर अर्धं काम झालं. शेवटचा आकडा हाच नोंदीचा क्रमांक. एडिटरमधून पानात घातलेल्या फोटोला हा क्लास आपोआप लागतो. साइटच्या पत्त्यापुढे 'डब्ल्यूपी-ॲडमिन/अपलोड.पीएचपी?आयटम=४८१२' जोडून उघडा, थेट ती नोंद समोर येईल. अर्थात लॉगिन केलेलं असायला हवं.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. 'अटॅचमेंट-लार्ज' किंवा 'साइझ-लार्ज' हे क्लास क्रमांक सांगत नाहीत, फक्त माप सांगतात. आणि 'बॉडी' टॅगमधला 'पेज-आयडी-५७' हा पानाचा क्रमांक असतो, फोटोचा नव्हे. फोटोला 'डब्ल्यूपी-पोस्ट-इमेज' असा क्लास असेल तर तो त्या लेखाचा फीचर्ड, म्हणजे मुख्य, फोटो आहे. मग शोधाशोध कशाला? लेख एडिटरमध्ये उघडा आणि उजवीकडे फीचर्ड इमेजवर टिचकी मारा.

क्रमांक मिळाला तरी तो डोळे झाकून खरा मानू नका. मजकूर दुसऱ्या साइटवरून कॉपी करून आणला असेल तर क्लासमधला क्रमांक त्या जुन्या साइटचा असतो. इथल्या साइटवर ४८१२ म्हणजे पन्हाळ्याचा फोटो असू शकतो, किंवा एखादं पानही. म्हणून नोंद उघडल्यावर 'फाइल यूआरएल' या चौकटीतलं नाव आणि कोडमधल्या लिंकमधलं नाव शेजारी ठेवून पाहा. शेपटी (नावामागे लागलेलं माप वगैरे) सोडून बाकी नाव आणि वर्ष-महिन्याचा फोल्डर जुळायलाच हवा. मजकुरातल्या मोठ्या फोटोला 'एसआरसीसेट' अजिबात नसणं ही या घोटाळ्याची एक खूण आहे, कारण क्रमांक आणि फाइल जुळत नसेल तर वर्डप्रेस ती यादी जोडत नाही.

क्रमांक नसेल तर नावावरून

लिंकमधून फक्त फाइलचं नाव घ्या. पुढचं डोमेन, फोल्डर आणि मागचं प्रश्नचिन्ह सगळं सोडून द्या. नावाच्या शेवटी आडवी रेघ आणि माप असेल तर तेही काढा, एक्स्टेन्शनही काढा. 'कापशी-पायताण-१०२४×७६८.जेपीजी' मधून उरलं 'कापशी-पायताण'. हे लायब्ररीच्या शोधचौकटीत टाका. वर्डप्रेस ४.७ पासून हा शोध शीर्षकाबरोबर फाइलच्या नावातही होतो, आणि नावाचा तुकडा दिला तरी चालतो. मापासकट शोधलं तर काही मिळत नाही, कारण मापाची नावं शोधाच्या कक्षेत येतच नाहीत. शब्दाची सुरुवात आडव्या रेघेने करू नका. तसा शब्द शोधातून वगळला जातो.

एकाच नावाच्या तीन-चार नोंदी निघाल्या तर लिंकमधल्या फोल्डरवरून निवडायचं. '२०२३/०८' म्हणजे ऑगस्ट २०२३. एक बारकावा मात्र आहे: लेख लिहिताना त्यातूनच चढवलेला फोटो त्या लेखाच्या तारखेच्या फोल्डरात जातो. २०२१ चा जुना लेख उघडून आज त्यात फोटो घातला तर फोल्डर २०२१ चाच मिळतो. पानांच्या बाबतीत असं होत नाही.

व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो हा आपल्याकडच्या दुकानांच्या साइटवरचा नेहमीचा प्रकार. नावात तारीख-वेळ असते, मोकळ्या जागांच्या आडव्या रेघा झालेल्या असतात, आणि तोच फोटो दोनदा-तीनदा चढवला की शेवटी -१, -२ लागत जातं. दिसायला चित्र तेच असलं तरी या स्वतंत्र नोंदी आहेत. -१ काढून टाकून शोधू नका, तो नावाचा भाग आहे.

शेपट्यांचा हिशेब

फाइलच्या नावाला मागे काय काय चिकटतं आणि प्रत्येकाचा अर्थ काय, हे एकदा पक्कं झालं की नव्वद टक्के अडचणी सुटतात.

माप ही सर्वात साधी शेपटी. लक्षात घ्या, ती प्रतीचं प्रत्यक्ष माप सांगते, सेटिंगमधलं नाही. सेटिंगमध्ये मीडियम ३००×३०० असलं तरी आडव्या फोटोची प्रत ३००×२२५ होते आणि उभ्याची २२५×३००. म्हणून '-३००×३००' अशी ठरावीक शेपटी कापणारा कोड लिहिला की तो बहुतेक फोटोंवर फसतो.

'-स्केल्ड' बद्दल वर आलंच आहे. तिची गोम अशी की लहान प्रतींची नावं मूळ फाइलवरून पडतात, स्केल्डवरून नाही. त्यामुळे 'रंकाळा-३००×२२५' ची शेपटी कापून 'रंकाळा.जेपीजी' केलं तरी अचूक जुळणीत नोंद सापडत नाही. तिथे '-स्केल्ड' लावून पुन्हा पाहावं लागतं. मोबाइलच्या कॅमेऱ्याने आडवा धरलेला फोटो वर्डप्रेसने सरळ केला असेल तर '-रोटेटेड' ही शेपटी येते. व्हॉट्सॲपचे फोटो सहसा २५६० पिक्सेलपेक्षा लहान असल्याने त्यांच्यात स्केल्ड दिसत नाही.

लायब्ररीच्या आतल्या एडिटरमध्ये फोटो कापला किंवा फिरवला की नावाला '-ई' आणि त्यापुढे तेरा आकडे लागतात. नोंदीचा क्रमांक तोच राहतो, फाइल मात्र नवी. जुन्या पानांच्या कोडमध्ये आधीचीच लिंक राहून जाते. तिचा माग '_डब्ल्यूपी_अटॅचमेंट_बॅकअप_साइझेस' मध्ये लागतो. लेखाच्या एडिटरमध्येच फोटो कापला तर गोष्ट वेगळी: तिथे '-एडिटेड' नावाची नवी फाइल बनते आणि तिला नवा क्रमांक मिळतो. म्हणजे आता दोन नोंदी आहेत आणि पानावर दुसरी चालू आहे.

'-पीडीएफ.जेपीजी' ने संपणारी लिंक दिसली तर फोटो शोधत बसू नका. माहितीपत्रकाची पीडीएफ चढवली की वर्डप्रेस तिच्या पहिल्या पानाचं चित्र बनवतं. नोंद पीडीएफची असते, या चित्राची स्वतंत्र नोंद नसते. शेवटी '.जेपीजी.वेबपी' अशी दुहेरी शेपटी असेल तर ते फोटो हलके करणाऱ्या प्लगइनचं काम, '.वेबपी' तेवढं काढा. 'आय०.डब्ल्यूपी.कॉम' ने सुरू होणारी लिंक जेटपॅक या प्लगइनच्या सीडीएनची (फोटो दुसऱ्या सर्व्हरवरून पुरवणाऱ्या सेवेची) आहे, तिच्या पोटात तुमच्या साइटचा खरा पत्ता तसाच असतो.

आणि एक अपवाद. काही जुन्या फोटोंचं मूळ नावच 'पोस्टर-८००×६००' असं असतं, डिझायनरने तसं दिलेलं. तिथे शेपटी कापली की नोंद हातची जाते. नव्या वर्डप्रेसमध्ये असं नाव चढवलं तर मागे -१ लावलं जातं, पण जुन्या साइटवर ते उघडंच असतं. म्हणून नियम असा ठेवा: आधी नाव आहे तसं शोधायचं, मगच शेपटीला हात लावायचा.

मराठी नावांच्या फाइली

फाइलचं नाव देवनागरीत असेल तर कोडमध्ये ते ओळखूच येत नाही. प्रत्येक चिन्हाच्या, म्हणजे अक्षराच्या आणि काना-मात्रेच्याही, जागी टक्क्याच्या तीन जोड्या दिसतात. 'पायताण' मध्ये सहा चिन्हं आहेत, त्यांची कोडमध्ये चौपन्न अक्षरं होतात. डेटाबेसमध्ये मात्र नाव सरळ देवनागरीतच असतं, त्यामुळे टक्केवाली लिंक तशीच शोधली तर काही हाती लागत नाही. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये ('इन्स्पेक्ट' उघडल्यावर दिसणाऱ्या 'कन्सोल' टॅबमध्ये) 'डीकोडयूआरआयकंपोनंट' या फंक्शनला लिंक अवतरणात देऊन टाका, मराठी नाव परत मिळतं. हे फंक्शन लिहिताना मधली डी, यूआरआय आणि सी कशी लहान-मोठी आहेत ते पाहून घ्या: सुरुवातीचं 'डीकोड' लहान अक्षरांत, 'यूआरआय' तिन्ही मोठी, 'कंपोनंट'चं पहिलं मोठं.

याहून अवघड जागा म्हणजे 'गुऱ्हाळ'. त्यातला अर्धा र कीबोर्डप्रमाणे वेगवेगळ्या रीतीने साठवला जातो: कधी स्वतंत्र 'ऱ' म्हणून, कधी र आणि खालच्या टिंबाची जोडी म्हणून, कधी साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर तिन्ही सारखे, आतले बाइट वेगळे. गुळाच्या व्यापाऱ्याच्या साइटवर 'गुऱ्हाळ' शोधून काही मिळालं नाही तर शब्द पुन्हा टाइप करत बसण्यापेक्षा 'हाळ' एवढाच तुकडा शोधा. पुढच्या वेळेपासून फाइलला रोमन नाव द्या आणि मराठी नाव शीर्षकात लिहा. शोध शीर्षकातही होतोच.

डेटाबेसमधून

पीएचपीमायॲडमिन (ब्राउझरमधून डेटाबेस पाहायचं साधन) हाताशी असेल तर पोस्टमेटा तक्ता उघडा, 'सर्च' मध्ये मेटा_की ला '_डब्ल्यूपी_अटॅच्ड_फाइल' आणि मेटा_व्हॅल्यू ला 'लाइक' निवडून दोन्ही बाजूंना टक्का लावलेलं नाव द्या. उत्तराच्या ओळीत 'पोस्ट_आयडी' हा आपला क्रमांक. शेजारचा 'मेटा_आयडी' उचलला की भलतीच नोंद उघडते, आणि ही चूक फार होते. तिथे न सापडल्यास मेटा_की बदलून '_डब्ल्यूपी_अटॅचमेंट_मेटाडेटा' करा आणि लहान प्रतीचं नाव मापासकट शोधा. या रकान्यात फक्त वाचायचं. प्रत्येक शब्दाची लांबी त्यात आकड्याने नोंदलेली असते. हाताने एक अक्षर कमी-जास्त झालं तरी सगळी माहिती निकामी होते.

पोस्ट्स तक्त्यातला 'जीयूआयडी' रकाना संपूर्ण पत्ता दाखवतो म्हणून मोह होतो. त्यावर शोध बांधू नका. साइटचं डोमेन बदललं तरी तिथे चढवतानाचा जुना पत्ताच राहू शकतो.

कोडमधून, शेकडो लिंकांसाठी

वर्डप्रेस ४.० पासून 'अटॅचमेंट_यूआरएल_टू_पोस्टआयडी' हे तयार फंक्शन आहे. लिंक दिली की क्रमांक देतं, न सापडल्यास शून्य. एचटीटीपी आणि एचटीटीपीएस यांतला फरक ते सांभाळून घेतं. बाकी कशालाच माफी नाही: माप, प्रश्नचिन्हामागचा भाग, जादा 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू', टक्क्यांची अक्षरं, यांतलं काहीही राहिलं तरी शून्य. म्हणून त्याच्याभोवती स्वतःचं छोटं फंक्शन लिहावं आणि त्यात हा क्रम पाळावा:

१. लिंक डीकोड करा, प्रश्नचिन्ह आणि त्यामागचं सगळं कापा, डोमेन साइटच्या सेटिंगप्रमाणे करा.
२. आहे तशी विचारा.
३. शून्य आल्यास एक्स्टेन्शनच्या आधीची 'रेघ, आकडे, एक्स, आकडे' एवढीच शेपटी कापून विचारा. ती नावाच्या शेवटीच असली पाहिजे, मध्ये नव्हे.
४. तरी शून्य, तर उरलेल्या नावाला '-स्केल्ड' लावून, मग '-रोटेटेड' लावून विचारा.
५. शेवटी मेटाडेटामध्ये नाव शोधा, आणि सापडलेल्या नोंदीच्या प्रतींच्या यादीत ते नाव त्याच फोल्डरासह खरंच आहे का ते तपासा. ही तपासणी गाळली तर 'गूळ-१५०×१५०' शोधताना 'सेंद्रिय-गूळ-१५०×१५०' सुद्धा जुळतं.

हे फंक्शन पान उघडताना प्रत्येक फोटोसाठी चालवू नका. मेटा_व्हॅल्यू रकान्याला इंडेक्स (झटपट शोधासाठीची सूची) नसतो, त्यामुळे फोटो वाढतील तसा शोध मंदावतो. एकदा मिळालेला क्रमांक साठवून ठेवा. सर्व्हरवर डब्ल्यूपी-सीएलआय (वर्डप्रेसला कमांड देण्याचं साधन) असेल तर संपूर्ण यादी तिथूनच एकदा चालवून लिंक आणि क्रमांक असा तक्ता काढणं उत्तम.

जे लायब्ररीत मुळातच नाही

लिंकमध्ये 'अपलोड्स' ऐवजी 'थीम्स' किंवा 'प्लगइन्स' असेल तर फोटो थीमच्या किंवा प्लगइनच्या फोल्डरातला आहे, लायब्ररीत त्याची नोंद नसते. एफटीपीने, म्हणजे वर्डप्रेसला वगळून, थेट सर्व्हरच्या अपलोड्समध्ये टाकलेल्या फाइलचीही नसते. 'अपलोड्स/एलिमेंटर/थंब्स' मधल्या प्रती एलिमेंटर या पानं रचायच्या प्लगइनने स्वतः बनवलेल्या असतात. तिथे पान एलिमेंटरमध्ये उघडून विजेटमधूनच फोटो गाठावा. मल्टिसाइटमध्ये (एकाच वर्डप्रेसवर अनेक साइट असतील तेव्हा) पत्त्यात 'साइट्स/३' येतं, आणि तेव्हा डेटाबेसमध्येही डब्ल्यूपी_३_पोस्टमेटा हा तक्ता पाहायचा.

नोंद सापडल्यावर

लायब्ररीत ऑल्ट मजकूर (चित्राचं शब्दांतलं वर्णन) सुधारला की पानांवर आपोआप सुधारतो, असा समज आहे. आधीच मजकुरात घातलेल्या फोटोंचा ऑल्ट त्या पानाच्या कोडमध्ये कॉपी झालेला असतो; तो पानात जाऊनच बदलावा लागतो. फीचर्ड फोटोला मात्र लायब्ररीतला लागू होतो.

नोंद काढून टाकायची असेल तर आणखी जपून. 'अनअटॅच्ड' यादीत आहे म्हणून फोटो वापरात नाही असं नसतं. फोटो एखाद्या लेखाला जोडलेला नाही एवढंच ती यादी सांगते. लायब्ररीतून थेट चढवून दहा पानांवर लावलेला फोटोही तिथे दिसू शकतो. काढण्याआधी लेखांच्या आणि पानांच्या यादीत 'डब्ल्यूपी-इमेज-४८१२' शोधा. हा शोध मजकुराच्या कोडमध्येही होतो, त्यामुळे वापराची ठिकाणं मिळतात. क्रमांक ४८१ असेल तर ४८१२ वाले लेखही येतील, ते बाजूला काढा. त्यानंतर फाइलचं नाव शेपटीशिवाय शोधा, म्हणजे क्लास नसलेल्या जागा सापडतील. विजेट, मेन्यू आणि एलिमेंटरची पानं या शोधात भरवशाने येत नाहीत, ती डोळ्यांनी पाहावी लागतात. इतकं झाल्यावरही काढण्याआधी फाइल उतरवून घ्या, कारण नोंद काढली की तिच्या आठही फाइली सर्व्हरवरून कायमच्या जातात.